इंग्लंडचे कालवे, आटलेलं अनुदान आणि चिडलेले बोटवाले

कृष्णाकाठ

मागे खादाडीच्या धाग्यावर "बोटीवरच्या शेगडीवर भाकरी मस्त फुगते" असं सहज लिहून गेलो आणि व्यनिंचा (खाजगी निरोपांचा) पाऊस पडला. बोट कसली, भाडं किती, थंडीत मरत नाही का. सवडीने लिहीन म्हणालो होतो. आज लिहितोय, पण हे पैशांचं रडगाणं आहे. हंस आणि सूर्यास्त हवे असतील त्यांनी फोटोंच्या धाग्यावर जावं.

आधी बोट. श्रीनगर, अलेप्पी डोळ्यांसमोरून काढून टाका. माझी नॅरोबोट म्हणजे एसटीचा लाल डबा दोन्ही बाजूंनी दाबून लांब ओढलेला. सत्तावन्न फूट लांब, सहा फूट दहा इंच रुंद. आत उभं राहून हात पसरले की बोटं दोन्ही भिंतींना टेकतात. बायको ओट्याशी असेल तर मला पलीकडे जायला तिची परवानगी लागते. रुंदी एवढीच, कारण मिडलंड्समधले लॉक सात फुटी. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि मंडळींनी खर्च वाचवायला अरुंद माप ठरवलं आणि अडीचशे वर्षं लोटली तरी आम्ही त्याच मापात झोपतो.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांमधलं दगडी कुंड. बोट आत घ्यायची, दार लावायचं, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं. झडप उचलायला विंडलास नावाचं हँडल असतं, जुन्या ट्रकला पुढून मारायचे तसलं. टक्‌ टक्‌ टक्‌ करत दात्यावर दाता चढतो. जुन्या लाकडी दारांच्या फटींतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत असतात, फटींत नेचे उगवलेले असतात. असं एक ओकचं दार साधारण पंचवीस वर्षं टिकतं, मग नवं करायचं, ते त्याच लॉकच्या मापाने. आणि लॉक दीड हजारांहून जास्त आहेत. इथून पैशांची गोष्ट सुरू होते.

इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे १९४८ ला राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आले. पुढे ब्रिटिश वॉटरवेज नावाचं महामंडळ ते सांभाळायचं. जुलै २०१२ मध्ये सरकारने सुमारे ३२०० किलोमीटर जलमार्ग, त्यांचे तलाव, पूल, बोगदे असं सगळं एका धर्मादाय संस्थेच्या गळ्यात बांधलं : कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट. सोबत जमीन-इमारतींची गुंतवणूक दिली आणि १५ वर्षांच्या अनुदानाचा करार केला. वर्षाला पाच कोटी पौंडांच्या आसपास. हा करार २०२७ ला संपतो. पुढचं काय, ते जुलै २०२३ मध्ये कळलं : २०२७ पासून दहा वर्षांत मिळून ४० कोटी पौंड, तेही दरवर्षी घटत जाणारे. आकडा ऐकायला भरभक्कम. महागाई धरली तर हे आधीच्या मानाने ३० कोटींहून जास्त कमी, असं ट्रस्टचं म्हणणं. सरकार म्हणतं, तुम्ही स्वतःच्या पायावर उभं राहायचं हे पहिल्यापासून ठरलंच होतं.

त्याच वर्षी ट्रस्टने बोटीच्या परवान्याचे दर बदलले. पुढची बरीच वर्षं फी महागाईच्या वर वाढणार, हे सगळ्यांना. आणि एप्रिल २०२४ पासून ज्यांच्याकडे बोट बांधायची कायमची जागा नाही अशांवर वेगळा अधिभार. दरवर्षी पाच टक्क्यांनी चढत २०२८ ला २५ टक्के. या लोकांना इथे सीसी म्हणतात, कंटिन्युअस क्रूझर. मी फिरस्ते म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मरीनाने (म्हणजे भाड्याने जागा देणाऱ्या बोटींच्या तळाने) भाडं इतकं वाढवलं की जागा सोडली, तेव्हापासून मीही फिरस्ता. म्हणजे एका खिशातले वाचवायला गेलो तर दुसऱ्यात हात घातला गेला.

मला एवढंच म्हणायचंय : कालव्याचा उपयोग कोट्यवधी लोकांना, पण बिल फाडता येतं ते आम्हा पस्तीस हजार बोटवाल्यांनाच, कारण आमच्याच खिडकीवर नंबर लिहिलेला असतो.

पेठकर

कृष्णाकाठ, फर्मास लिहिलंय. आम्हा पुणेकरांना कालवा म्हटलं की मुठा उजवा कालवा आठवतो. २७ सप्टेंबर २०१८, सकाळी अकराच्या सुमारास दांडेकर पुलाजवळ फुटला आणि जनता वसाहतीतल्या लोकांचे संसार रस्त्यावर आले. माझी मावसबहीण तिथेच शाळेत शिकवायची, त्या दिवशी स्टाफरूममध्ये गुडघाभर पाणी. त्यात बोट चालवायची कल्पनाही करवत नाही. असो.

दोन बाळबोध शंका. एक, कायमची जागा नसेल तर राहता कुठे? दोन, जागेचं भाडं वाचतं तर पंचवीस टक्के जास्त द्यायला रडता कशाला? (हलकेच घ्या.)

कृष्णाकाठ

पेठकर, पुणेरी शंका बाळबोध कधीपासून व्हायला लागल्या?

कालव्याच्या काठाने टोपाथ असतो, पूर्वी घोडे बोट ओढत त्यावरून चालायचे. फलक नसेल तिथे कुठेही खुंट्या ठोकून बोट बांधायची. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमची जागा नसलेल्याने खरोखर प्रवास करत राहायचं, एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. अडचण असेल तर वाजवी तेवढे दिवस जास्त. मेख अशी की "ठिकाण" म्हणजे किती आणि "खरोखर" म्हणजे काय हे कायद्यात धड लिहिलेलं नाही. त्यावरून तीस वर्षं वाद चालू आहे. एका पुलावरून पुढच्या पुलापर्यंत गेलात तर चालेल का? बायकोचं बाळंतपण असेल तर? आमच्या शेजारच्या बोटीतल्या आजोबांचा खुबा बदलला, तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी जोडून मुदत मागावी लागली. मिळाली, पण माणूस आजारपणात अर्ज लिहीत बसला.

दुसऱ्या शंकेचं उत्तर देण्याआधी चेशायरची पार्टी येईल बघा धाग्यावर. मी ओळखून आहे.

चेशायरची वहिनी

आले! पार्टीबिर्टी नाही हो, आम्ही दोघंच आणि एक म्हातारी मांजर.

दादा, राग मानू नका, पण तुमचं अर्धंच पटलं. आम्ही मरीनात जागा घेतलीय. परवाना तुमच्याइतकाच काढतो, वर मरीनाचे वर्षाला तीन हजार पौंडांहून जास्त. त्यातून मरीना आपल्या जागांच्या हिशेबाने ९ टक्के ट्रस्टला देते, म्हणजे आमच्या खिशातून ट्रस्टला दोनदा जातात. आमची बोट वर्षातून सहा आठवडे हलते. तुमची बारा महिने. नळ तुम्ही वापरता, कचऱ्याचे डबे तुम्ही वापरता, आणि सकाळी सकाळी कॅसेट रिकामी करायच्या खोलीबाहेर रांग कोणाची असते? (नवख्यांसाठी : कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे. बोटीच्या संडासाची टाकी. सुटकेससारखी ओढत न्यायची. या विषयावर जास्त लिहीत नाही, लोक जेवत असतील.)

जो जास्त वापरतो त्याने थोडं जास्त द्यावं, यात मला तरी अन्याय दिसत नाही. आम्ही गेल्या उन्हाळ्यात सुट्टी काढून निघालो तर सोयीच्या प्रत्येक जागी गंजक्या बोटी हलायचं नाव न घेता बांधलेल्या. त्यातल्या दोनांवर तर झाडं उगवली होती.

कृष्णाकाठ

वहिनी, झाडं उगवलेल्या बोटींबद्दल मीही तुमच्या बाजूने. त्यांच्याकडे बहुधा परवानाच नसतो, मग अधिभार कोण भरणार? जो नियमाने काढतो तोच भरणार.

आणि वापर म्हणाल तर, लॉक झिजतो तो बोट जाते म्हणून झिजतो, ती बोट मरीनातून आली की झुडपातून, त्याला काय कळतं. उलट हिवाळ्यात सगळे मरीनात गोधडी घेऊन बसतात तेव्हा कालव्यावर माणूस दिसतो तो फिरस्ताच. बांध पाझरतोय, झाड आडवं पडलंय, कोणी झडप उघडी टाकून गेलंय, हे पहिला फोन करून सांगतो तो. शेवटची गोष्ट साधी नाही. मार्च २०१८ ला मिडलविचजवळ कालवा फुटला तो लॉकच्या झडपा उघड्या राहिल्यामुळे. वरचं सगळं पाणी खाली आलं, काठावरून सांडलं आणि भराव घेऊन गेलं.

फिरस्त्यांत सगळे गरीब नाहीत, हे कबूल. माझी नोकरी आहे, मी लॅपटॉपवर काम करतो. पण ज्यांना घरभाडं परवडत नाही म्हणून बोट घेतली अशी नर्स, केअरवर्कर, म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा छंद नाही. नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन म्हणून त्यांची संघटना आहे, ती अधिभाराविरुद्ध रस्त्यावर उतरली.

पाटकरी काका

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली अकरा कालव्यावर. वाचून मजा वाटली आणि वाईटही.

कृष्णाकाठ, तुमच्याकडचे कालवे आतून मातीचेच ना? काँक्रीटचं अस्तर नसणार. आपल्याकडे धरणाच्या भरावात काळी माती गाभ्यात आणि मुरूम बाहेरून, तसं तिकडे चिकणमाती ओली करून तुडवून थर दिलेला असणार. असा थर पाण्याखाली राहिला तर शंभर काय, दोनशे वर्षं टिकतो. कालवा कोरडा पडला की तडकतो. मग पाणी सोडलं की गळती. म्हणून पैसे नाहीत म्हणून कालवा "थोडे दिवस बंद ठेवू" म्हणणारा साहेब दिसला की मला घाम फुटायचा. बंद ठेवलेला कालवा चालू कालव्यापेक्षा महाग पडतो.

दुसरं, हे सगळं ऐकलेलं वाटतंय. आपल्याकडे २००५ चा कायदा आला, सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन. पाणी वापर संस्था काढा, वितरिका ताब्यात घ्या, पाणीपट्टी तुम्हीच गोळा करा, दुरुस्ती तुम्हीच बघा. कल्पना उत्तम. वाघाडसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांनी करूनही दाखवलं. पण पुष्कळ ठिकाणी हस्तांतर झालं ते झिजलेल्या चाऱ्यांचं. घर पडायला आलं की ते भाडेकरूच्या नावावर करून द्यायचं, तसला प्रकार. मग पाणीपट्टी देणारा कोण? हेडचा शेतकरी पाणी आधी घेतो, टेलवाल्याला पोचतच नाही, आणि दोघांत भांडण लागतं. खातं निवांत. तुमच्या आणि वहिनींच्या भांडणात मला तेच दिसलं, माफ करा.

चेशायरची वहिनी

काका, माफी कसली. घाव बरोबर बसला. :)

टेम्सचा मामा

मी त्या कोट्यवधींपैकी एक, जे एक पेनी देत नाहीत. लंडनात रीजंट्स कालव्याच्या काठाने रोज सायकल मारत ऑफिसला जातो. आठ वर्षं. खाली पाणी, वर पूल, ना सिग्नल ना बस. बोटवाल्यांच्या कुत्र्यांना शिव्या दिल्यात, त्यांच्या चुलीच्या धुराला नाकं मुरडलीत, पण कालवा चालवतो कोण हा विचार या धाग्यापर्यंत डोक्यात आला नव्हता. मला वाटायचं कौन्सिल बघत असेल.

ट्रस्टवाले म्हणतात की ९० लाख लोक कालव्यापासून एक किलोमीटरच्या आत राहतात. माझ्या बिल्डिंगच्या जाहिरातीत "वॉटरसाइड" लिहून भाडं चढवलंय ते वेगळंच. तो पैसा बिल्डरला गेला, लॉकच्या दाराला नाही. सायकलवाल्यांकडून तिकीट घ्या म्हणाल तर कोणत्या पुलाखाली उभं राहून घेणार? शेकडो वाटांनी लोक आत येतात. म्हणजे करातूनच द्यायला हवं, दुसरा रस्ता मला दिसत नाही.

तिरकस

गोऱ्यांच्या जुन्या गटारीत गोरे पेन्शनर बोटी फिरवतात आणि आपण मराठीत अश्रू ढाळायचे. त्या सरकारने दवाखान्यांना पैसे द्यायचे की यांच्या सहलीला?

कृष्णाकाठ

तिरकस, नावाला जागलात. प्रश्न मात्र चुकीचा नाही. इथल्या खासदारांपैकीही बरेच हेच म्हणत असतील.

उत्तर व्हेली ब्रिजमध्ये आहे. डर्बीशायरमधलं छोटं गाव. गावाच्या डोक्यावर टॉडब्रुक तलाव, १८३० च्या दशकातला, पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी द्यायला बांधलेला. १ ऑगस्ट २०१९ ला जोराच्या पावसात त्याच्या सांडव्याच्या काँक्रीटच्या लाद्या उखडल्या आणि खालची माती वाहून जायला लागली. दीड हजारांहून जास्त लोकांना घरं सोडायला लावली. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने शेकडो टन खडी गोण्यांनी त्या खड्ड्यात टाकली, अग्निशमन दलाने पंप लावून तलाव उपसला. धरण टिकलं, कोणी दगावलं नाही. चौकशीत निघालं की १९७० च्या सुमाराला बांधलेल्या त्या सांडव्याची रचनाच कच्ची होती, त्यात देखभाल अधूनमधून.

असे मोठे तलाव ट्रस्टकडे सत्तरच्या वर आहेत, बरेचसे दोनशे वर्षांचे. ते बोटी बंद केल्या म्हणून नाहीसे होत नाहीत. उद्या एकही बोट उरली नाही तरी बांध, पूल, बोगदे, सांडवे सांभाळावेच लागतील, नाहीतर खाली गाव आहे. सहलीचा खर्च त्यामानाने चिल्लर. परवाने आणि मूरिंग (बोट बांधायच्या जागेचं भाडं) मिळून बोटवाल्यांकडून ट्रस्टच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा येतो. बाकीचं गुंतवणूक, टोपाथखालून जाणाऱ्या केबल, पाण्याची विक्री, देणग्या आणि अनुदान.

पेठकर

पानशेत डोळ्यासमोर आलं. १२ जुलै १९६१. आमच्या आजीने पुरात वाहून गेलेल्या पितळी पातेल्याची आठवण मरेपर्यंत काढली.

आणि तुमच्या व्हेली ब्रिजच्या बरोबर महिनाभर आधी आपल्याकडे तिवरे फुटलं, २ जुलै २०१९. तिकडे हेलिकॉप्टर आलं, इकडे मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी फोडलं म्हणून सांगितलं.

पाटकरी काका

खेकड्यांवर हसू नका. भरावात उंदीर, घूस, खेकडा बिळं करतात हे खरंच आहे. फक्त बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. त्याआधी पाझर दिसतो, ओल दिसते, हिरवळ चुकीच्या जागी उगवते. ते बघायला माणूस ठेवावा लागतो. तो माणूस पगारावरून कमी केला की मग खेकडा दोषी.

कृष्णाकाठ

काका, इकडचा खेकडा म्हणजे बॅजर! आपल्या चांदी अस्वलाच्या लांबच्या नात्यातला, काळे-पांढरे पट्टे तोंडावर. कालव्याच्या भरावात भुयारं खणतो, आणि १९९२ च्या कायद्याने त्याला संरक्षण. त्याचं बीळ बुजवायचं तर परवाना काढावा लागतो. म्हणजे बोटवाल्याला परवाना, बॅजरला हात लावायलाही परवाना, फक्त बॅजरच तेवढा बिनपरवान्याचा राहतो. अधिभारही नाही त्याला.

चेशायरची वहिनी

आता खरं सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यात आमचंही डोकं फिरलं. पाऊस नाही, तलाव तळाला गेलेले. लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा बंद, मॅकल्सफील्ड बंद, पीक फॉरेस्ट बंद. लॉकला कुलपं. एका अरुंद लॉकमधून बोट गेली की लाखभर लिटर पाणी खाली जातं, त्यामुळे बंद करण्याला इलाज नव्हता हे कळतं. पण परवाना पूर्ण वर्षाचा भरलेला आणि बोट मरीनाच्या तोंडापर्यंत जाऊन परत. यांनी इंजिनाला तेल-पाणी करून ठेवलेलं, मी महिनाभराचा शिधा भरलेला. शेवटी मरीनातच खुर्च्या टाकून पिठलं-भात खाल्ला. शेजारची इंग्लिश बाई विचारते, कुठवर पोचलात? म्हटलं, स्वयंपाकघरापासून डेकपर्यंत.

तलावांतला गाळ, गळके दरवाजे, पंप यांवर पैसा आधी खर्च झाला असता तर निदान काही आठवडे तरी जास्त मिळाले असते, असं मरीनातली जुनी मंडळी म्हणतात. पाऊस कोणाच्या हातात नाही, गळती आहे.

टेम्सचा मामा

मे २०२४ ला वेस्टमिन्स्टरसमोर टेम्समधून बोटींचा ताफा गेला होता, भोंगे वाजवत. मी पुलावरून फोटो काढला, वाटलं कसली तरी शर्यत आहे. आता कळतंय ते आंदोलन होतं.

कृष्णाकाठ

हो, फंड ब्रिटन्स वॉटरवेजचं. बोटवाल्यांच्या, मरीनांच्या, हौशी मंडळांच्या बऱ्याच संस्थांनी २०२३ मध्ये मिळून काढलेली मोहीम. त्याच ऑगस्टात बर्मिंगहॅमलाही ताफा काढला होता. त्यात ठिय्यावाले (कायमची जागा असलेले) आणि फिरस्ते एकाच रांगेत होते. मागणी ट्रस्टकडे नव्हती, सरकारकडे होती. पण सरकार वेस्टमिन्स्टरला आणि ट्रस्टचा निळा शर्ट घातलेला माणूस रोज टोपाथवर. राग निघतो तो शर्टावर. त्यांच्यातले निम्मे तर स्वयंसेवक, लॉकवर फुकट राबणारे निवृत्त लोक. परवा एक जण भर थंडीत दाराच्या फटीत राख ओतत उभा होता. राख पाण्याबरोबर फटीत ओढली जाते आणि गळती कमी होते, जुना उपाय. आमच्या शेगडीची दोन बादल्या राख त्याला दिली, त्याने बदल्यात लिंबाचं लोणचं मागितलं. गेल्या वर्षी दिलं होतं, विसरला नव्हता.

ट्रस्टवरही माझा राग आहेच, नाही म्हणत नाही. फलक, जाहिराती, नवा लोगो यांवर खर्च दिसतो आणि नळ महिनोन्‌महिने बंद दिसतो, तेव्हा बोटवाला भडकतो. त्यातून फिरस्ते आणि ठिय्यावाले असे वेगवेगळे दर लावून त्यांनी आमच्यात भिंत घातली, ती नको होती. पैसे कमी पडतात तर सगळ्यांना सारखे वाढवा, मी भरेन.

चेशायरची वहिनी

म्हणजे मला वाढवा! बरं बरं. :) सारखे म्हणाल तर पाच-दहा टक्क्यांपर्यंत माझी तयारी. पण १४ दिवसांचा नियमही मग सगळ्यांना सारखा लावा, झाडं उगवलेल्यांना आधी.

कृष्णाकाठ

मान्य.

पेठकर

दोन बोटवाल्यांचं एकमत झालं, धागा कुलूपबंद करा. जाता जाता : जूनमध्ये लेक तिकडे येतेय, शिकायला, लेस्टरला. तिला बोट बघायला मिळेल का?

कृष्णाकाठ

बघायला कशाला, राहायला या म्हणा. पत्ता मात्र विचारू नका, माझे चौदा दिवस परवा संपतात. सध्या ब्रॉन्स्टनच्या अलीकडे आहोत. उद्या सकाळी टाकीत पाणी भरून, कॅसेट रिकामी करून निघायचं, पुढे सहा लॉक. जूनमध्ये पाणी असलं तर लेस्टरच्या बाजूलाच वळू, वाटेत फॉक्सटनचे दहा लॉक लागतात, तिथे हँडल मारायला तरुण माणूस हवाच आहे. तिला सांगा हातमोजे आण, आणि जमलं तर ज्वारीचं पीठ.